प्रोबेटची सक्ती संपल्यावर

संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या निरसन व सुधारणा अधिनियमाने ७१ जुने कायदे मोडीत काढले. असे साफसफाईचे कायदे अधूनमधून होतच असतात आणि वकिलांखेरीज त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. या वेळी मात्र त्यात एक छोटी तरतूद होती आणि तिचा संबंध मुंबईत घर असलेल्या असंख्य कुटुंबांशी येतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधले कलम २१३ तिने वगळले. मृत्युपत्रातून मिळालेला हक्क न्यायालयात सांगायचा असेल तर आधी त्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे न्यायालयाने त्यावर उमटवलेली खरेपणाची मोहोर, घेतलीच पाहिजे, अशी सक्ती या कलमात होती. ती आता राहिलेली नाही. प्रोबेट मात्र कायद्यात शिल्लक आहे. ज्याला हवे त्याने ते अजूनही मागावे. सक्ती जाऊन सोय उरली, एवढ्यावर हा बदल संपत नाही. मृत्युपत्र खरे की खोटे हे कोणीतरी ठरवावेच लागते, आणि ते काम न्यायालयाकडून सुटून कोणाकडे गेले, हा या विषयाचा आजचा कळीचा प्रश्न आहे.

सक्ती कुठून आली

कलम २१३ सरसकट सर्वांना लागू नव्हते. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या बाबतीत ते मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात आणि जुन्या बंगाल प्रांतात केलेल्या मृत्युपत्रांना लागू होते, किंवा मृत्युपत्र दुसरीकडे केले तरी त्यातली स्थावर मिळकत या क्षेत्रांत असली तर. पारशांना १९६२ च्या दुरुस्तीने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन महानगरांपुरते त्यात आणले गेले. मुस्लिम त्यातून आधीपासूनच वगळलेले होते आणि भारतीय ख्रिश्चनांना २००२ मध्ये वगळण्यात आले. परिणाम असा की माटुंग्याच्या फ्लॅटच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागे, कोथरूडच्या फ्लॅटच्या मृत्युपत्राला लागत नसे. त्यातही गंमत म्हणजे कोथरूडच्याच फ्लॅटचे मृत्युपत्र मालकाने मुंबईत मुलाकडे मुक्कामाला असताना केले, तर ते पुन्हा सक्तीच्या कक्षेत येई.

या विचित्र भूगोलाचे मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आहे. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि तिथे वारलेल्या इंग्रजांच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्यासाठी त्यांना प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. एतद्देशीयांचा त्याच्याशी सुरुवातीला संबंध नव्हता. धर्मशास्त्रात मृत्युपत्राला स्वतंत्र स्थान नाही. एकत्र कुटुंबात वडील गेले की त्यांचा हिस्सा उरलेल्या सहदायकांकडे जाई, मग इच्छा लिहून ठेवायची कशाची? पण इलाख्यांच्या राजधान्यांत व्यापारातून स्वकष्टार्जित संपत्ती वाढली, तसे हिंदू घराण्यांतही मृत्युपत्रे होऊ लागली आणि त्यांचे खटले थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने या मृत्युपत्रांना लेखी स्वरूपाचे आणि साक्षीदारांचे नियम घातले, १८८१ च्या कायद्याने प्रोबेटची कार्यपद्धती आखली, आणि १९२५ मध्ये हे सारे एका संहितेत आले. गोळा करताना जुन्या हद्दी तशाच राहिल्या. त्यामुळे सप्टेंबर १८७० ही तारीख आजही कायद्याच्या कलम ५७ मध्ये वाचायला मिळते.

या भेदाला आव्हाने मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये क्लॅरेन्स पैस प्रकरणात कलम २१३ घटनाबाह्य ठरवले नाही. त्यातला भेद धर्मावरून केलेला नसून ऐतिहासिक कारणांनी आलेला आहे, असा त्या निकालाचा आशय होता. विधी आयोगाने मात्र २००८ च्या २०९ व्या अहवालात हे कलमच वगळावे, अशी शिफारस केली. शिफारस अंमलात यायला सतरा वर्षे गेली.

प्रोबेटमध्ये काय होई

दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलायचे तर प्रक्रिया कशी चाले हे आधी पाहायला हवे. मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक (बोली भाषेत एक्झिक्युटर) मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करी. मालमत्तेची यादी, मृत्यूचा दाखला, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र आणि कायदेशीर वारसांची नावे त्याला जोडावी लागत. वारसांनी संमतीची प्रतिज्ञापत्रे दिली तर काम सुरळीत होई; न दिल्यास त्यांना नोटीस, म्हणजे सायटेशन, जाई. कोणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली की त्या अर्जाचे दाव्यात रूपांतर होई, आणि मग पुरावे, उलटतपासणी, अपील असा दिवाणी दाव्याचा सगळा प्रवास सुरू होई. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. मुंबईतल्या घरांच्या किमती पाहता ती मोठी म्हणता येणार नाही. खरा खर्च वकिलांचा आणि काळाचा.

प्रोबेट काय देते याबद्दलही गैरसमज आहेत. प्रोबेट न्यायालय मालकी ठरवत नाही. घर खरोखर मृत व्यक्तीचे होते का, की त्यात भावाचाही हिस्सा होता, हा प्रश्न तिथे निघतच नाही. हे मृत्युपत्र त्या व्यक्तीने शुद्धीत, स्वेच्छेने आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने केले का, एवढेच तिथे पाहिले जाते. मात्र एकदा प्रोबेट मिळाले की ते साऱ्या जगाविरुद्ध लागू पडते. प्रोबेट दाखवणाऱ्याला ज्याने सद्भावनेने पैसे दिले किंवा वस्तू सोपवली, तो कलम २७३ खाली सुरक्षित राहतो. सोसायट्या आणि बँका प्रोबेटवर अडून बसत, त्यामागे हे संरक्षण होते.

सक्ती नको म्हणणाऱ्यांची बाजू

सक्तीच्या विरोधातला सर्वांत सरळ युक्तिवाद समानतेचा आहे. देशाच्या बहुतेक भागांत मृत्युपत्रे प्रोबेटशिवाय अंमलात येतात. पुणे, नाशिक, नागपूर, हैदराबाद, दिल्ली इथली कुटुंबे शतकभर त्याशिवाय चालवत आली. मग मुंबईकर हिंदूवर आणि पारशावरच हा भार का? या प्रश्नाला इतिहासाखेरीज उत्तर नव्हते, आणि नियम का लागला हे इतिहास सांगत असला तरी तो पुढे का चालवायचा, हे त्यातून कळत नाही.

दुसरा युक्तिवाद व्यवहाराचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक वजनदार. मृत्युपत्र करण्याचा हेतू कुटुंबाची पुढची धावपळ वाचवणे हा असतो. सक्तीने तो उलटवला होता. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू माणसाच्या वारसांना प्रोबेटसारखी सक्ती नव्हती. आपली व्यवस्था नीट लिहून ठेवणाऱ्याच्या कुटुंबाला मात्र उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. शहाणपणाला दंड आणि दिरंगाईला सवलत, असे हे गणित होते. शिवाय कॅव्हेट हे हत्यार बनले होते. हक्क सिद्ध करण्याची उमेद नसलेला नातेवाईकही नुसती हरकत टाकून अर्ज वर्षानुवर्षे अडकवू शके, आणि काहीतरी पदरात पाडून घेतल्यावरच ती मागे घेई.

या जाचातून वाट काढण्यासाठी मुंबईतल्या अनेक कुटुंबांनी बक्षीसपत्राचा वळसा घेतला. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. पण बक्षीसपत्र जिवंतपणीच लागू होते. घर मुलाच्या नावावर झाले की वृद्ध आईवडील त्याच घरात पाहुणे ठरतात, आणि संबंध बिघडले तर ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ च्या कलम २३ खाली ते परत मागण्यासाठी न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागते. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. प्रोबेटच्या धास्तीने लोक या सुरक्षित साधनाकडून धोक्याच्या साधनाकडे ढकलले जात होते. सक्तीच्या चर्चेत या दुष्परिणामाकडे फार कमी लक्ष गेले आहे.

सक्ती हवी म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचे म्हणणे जुनाट ठरवून मोडीत काढता येणार नाही. मृत्युपत्र हा असा दस्त आहे की तो बोलू लागतो तेव्हा करणारा बोलायला उरलेला नसतो. म्हणून कायद्याने त्याला किमान दोन साक्षीदार सांगितले आणि त्यांपैकी एकाला तरी न्यायालयात तपासण्याची अट घातली. एच. वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात १९५८ मध्ये न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिलेला निकाल आजही प्रत्येक मृत्युपत्राच्या खटल्यात वाचला जातो. थरथरती सही, आजारपण, नैसर्गिक वारसांना विनाकारण डावलणे, लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेणे, अशा संशयास्पद बाबी असतील तर त्यांचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर आहे, आणि न्यायालयाच्या सदसद्विवेकाला समाधान वाटले पाहिजे, असे सूत्र त्यात मांडले आहे. सक्ती असताना मुंबईतल्या प्रत्येक मृत्युपत्राला निदान एकदा तरी या चाळणीखालून जावे लागे, तेही साक्षीदार जिवंत असताना. आता चाळणी लागेल ती भांडण न्यायालयात पोचल्यावर. ज्या मुलीला मृत्युपत्राची खबरच नाही, जी लग्न होऊन परदेशात आहे, तिला सायटेशनची नोटीस मिळे. यापुढे घर विकून झाल्यावरही तिला ते कळेल न कळेल.

यावर उत्तर असे दिले जाते की बाकीच्या महाराष्ट्रात ही चाळणी नव्हती, तरी आकाश कोसळले नाही. उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पुण्यात प्रोबेट लागत नसले तरी मृत्युपत्रावरून घर विकताना खरेदीदाराचा वकील इतर वारसांची संमती मागतो, हक्कसोडपत्र करून घ्यायला सांगतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. न्यायालयाबाहेर एक अनौपचारिक प्रोबेटच तिथे उभे राहिलेले आहे. ते स्वस्त आहे, पण संमती न देणाऱ्या एका वारसापुढे तेही हतबल होते. शेवटी लोक दिवाणी न्यायालयात जातात, आणि तिथला निकाल फक्त त्या दाव्यातल्या पक्षकारांना बांधतो, जगाला नाही.

खातरजमेचे ओझे कोणावर

सर्वांत आधी हे ओझे गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर आले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये घातलेले कलम १५४ब-१३ सांगते की सभासदाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कुटुंबातला व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतर करावे, आणि तोवर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यावे. मृत्युपत्राचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. पण समोर आलेले मृत्युपत्र शेवटचेच आहे, त्यानंतर दुसरे झालेले नाही, हे मानद सचिवाने कसे ओळखावे? चूक झाली तर दुसरा वारस सोसायटीलाच नोटीस पाठवणार. त्यामुळे कायद्याने सोडलेली सक्ती कमिट्या इंडेम्निटी बाँड, सर्व वारसांची संमती आणि प्रसंगी पुन्हा प्रोबेटच मागून चालू ठेवतील, ही भीती अनाठायी नाही.

नॉमिनी असला की प्रश्न मिटतो, हा समज मात्र खोडलाच पाहिजे. आयुर्विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर व म्युच्युअल फंडाबाबत डिसेंबर २०२३ मध्ये, मुंबईच्याच एका कुटुंबाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नामनिर्देशनाने मालकी जात नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रातल्या लाभार्थ्याचाच राहतो. अपवाद २०१५ च्या विमा दुरुस्तीने केला: आईवडील, पती-पत्नी, मुले नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांची. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात. ही सोय आहे, वाटणी नव्हे.

महसूल खात्यात चित्र आणखी निराळे. सात-बारावर मृत्युपत्राने फेरफार होतो, हरकत आली की मंडळ अधिकारी सुनावणी घेतो, आणि शेवटी फेरफाराने मालकी ठरत नाही हे तत्त्व सारेच मान्य करतात. वारस दाखला तर अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. म्हणजे एकाच कुटुंबाला फ्लॅटसाठी एक, शेतीसाठी दुसरा, खात्यासाठी तिसरा आणि शेअरसाठी चौथा मार्ग. कलम २१३ गेल्याने यातला एकही मार्ग दुसऱ्याला जोडला गेलेला नाही.

गोव्याची वेगळी वाट

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे आणि तिचा वारसाविषयक भाग आता २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी अधिनियमात आलेला आहे. तिथे खातरजमा मृत्यूनंतर होण्याऐवजी आधीच होते: मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे केले जाते आणि अधिकृत दप्तरात राहते. मृत्यूनंतर इन्व्हेंटरी कार्यवाहीत सगळी मालमत्ता आणि सगळे वारस एकाच यादीत येतात. बदल्यात स्वातंत्र्य आखडते. मुले, ती नसल्यास आईवडील, यांच्यासाठी निम्मी मालमत्ता राखीव. मृत्युपत्राने देता येते ती उरलेली निम्मीच. या व्यवस्थेची मुंबईशी गाठही पडली आहे. गोव्याच्या रहिवाशाने मुंबईतले घर एका मुलीला मृत्युपत्राने दिले, त्याचे प्रोबेटही मुंबई उच्च न्यायालयाने दिले होते; तरी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोव्यात अधिवास असणाऱ्याची गोव्याबाहेरची मिळकतही गोव्याच्याच वारसा कायद्याने चालेल.

गोव्याचा राखीव हिस्सा महाराष्ट्रात कोणी सहज स्वीकारणार नाही, आणि ते आवश्यकही नाही. घेण्याजोगी गोष्ट आहे ती खातरजमा मृत्युपत्र करतानाच उरकण्याची. नोंदणी सक्तीची करा, ही सूचना याच विचारातून येते. तिच्यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. नोंदणीमुळे सही आणि हजेरी सिद्ध होते, मनाची शुद्धता नाही. नोंदलेली मृत्युपत्रेही न्यायालयांनी नाकारली आहेत. आणि सक्ती केली तर रुग्णालयात अखेरच्या दिवसांत केलेले, पण पूर्ण खरे असलेले मृत्युपत्र रद्दबातल ठरेल. म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवून तिला वजन द्यावे: नोंदलेल्या मृत्युपत्रावर सोसायटीने वा बँकेने वारसांना नोटीस देऊन ठरावीक मुदतीत हस्तांतर केले, तर त्यांना कलम २७३ सारखेच संरक्षण मिळावे. ऐच्छिक प्रोबेट आणि सक्तीचे प्रोबेट यांच्या मधली ही जागा आज रिकामी आहे.

न सुटलेले प्रश्न

काही प्रश्नांची उत्तरे न्यायालयांकडूनच यावी लागतील. डिसेंबर २०२५ पूर्वी वारलेल्या व्यक्तीच्या मुंबईतल्या मृत्युपत्राला सक्ती सुटली की नाही? निरसन कायद्यात आधी मिळालेले हक्क आणि चालू कार्यवाही जपण्याचे कलम आहे. त्याचा विस्तार कुठवर, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. प्रलंबित अर्ज मागे घ्यावेत की पुढे न्यावेत? वाद असेल तर पुढे नेणे शहाणपणाचे, कारण जगाला बांधणारा निकाल दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. प्रोबेटच्या अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू आहे आणि ती अर्जाची गरज निर्माण झाल्यापासून मोजायची, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. सक्तीच नसेल तर ती गरज कोणत्या दिवशी निर्माण झाली म्हणायची? मृत व्यक्तीचे येणे वसूल करण्यासाठी दावा लावायचा तर कलम २१४ अजूनही प्रोबेट किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक प्रश्न कायद्याच्या मजकुराच्या पलीकडचा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे अपत्यहीन विधवेची स्वकष्टार्जित मालमत्ता, तिने मृत्युपत्र केले नसेल तर, आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेल्या, माहेरी राहून शिकलेल्या आणि नोकरी केलेल्या एका स्त्रीची कमाई २००९ च्या निकालात याच नियमाने सासरच्यांना गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर. सक्ती गेल्याने मुंबईतल्या स्त्रीला हे आवाहन पाळणे सोपे झाले आहे. पण अशाच मृत्युपत्रांना हरकत घ्यायला सासरचे वारस सर्वांत आधी पुढे येतील, हेही उघड आहे.

तोवर कुटुंबांनी आपल्या हातात आहे ते करावे. मृत्युपत्रात लाभ न मिळणारे, आपल्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडतील असे दोन साक्षीदार घ्यावेत. वय झाले असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, एखाद्या वारसाला वगळले असेल तर त्याचे कारण एका वाक्यात लिहावे, शक्य असेल तर नोंदणी करावी, आणि कागद कुठे ठेवला आहे हे व्यवस्थापकाला सांगून ठेवावे. राज्याच्या सहकार आणि महसूल खात्यांनी प्रोबेट नसलेल्या मृत्युपत्रावर हस्तांतर करताना नेमकी कोणती कागदपत्रे मागायची, याची एकच यादी करावी आणि ती सोसायटीच्या कार्यालयापासून चावडीपर्यंत सारखी लागू करावी.